डावा ब्रेक

तीस वर्षं मी फळ्यावर एकच त्रिकोण काढला. वरून नदी येते, खाली समुद्र, मधे तीन-चार फाटे आणि शेजारी मोठ्या अक्षरात ‘डेल्टा’. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे ‘त्रिभुज प्रदेश’ हा आपला छान शब्द घरातच राहिला. त्याला जोडून हमखास येणारा प्रश्न: नर्मदा आणि तापी डेल्टा का बनवत नाहीत? खचदरीतून वाहतात, समुद्राला खाडीनं मिळतात, वगैरे वगैरे. म्हणजे बघा, ज्या नदीचं पाणी १९७८ पासून जलूदहून पंपांनी वर चढवून इंदूरच्या नळांना येतं, ज्या पाण्याचा चहा पिऊन मी रोज शाळेत गेले, तिला डेल्टाच नाही. आणि ज्या डेल्ट्यांवरून मी पोरांचे मार्क कापले, त्यातला एकही मी पाहिलेला नव्हता.

सायकल मात्र जुनी. पंचावन्नाव्या वर्षी परत धरली. दर रविवारी पहाटे आमचा आठ-दहा जणांचा जथा भंवरकुव्याला जमतो, खंडवा रोडनं सिमरोल, अंगात रग असेल तर पुढचा घाट उतरून चोरल, आणि परतताना पोहे. खरं सांगायचं तर पोह्यांसाठीच सगळं. मी कायम शेवटून दुसरी. शेवटचे एक डॉक्टर आहेत, ते फोनवर बोलत बोलत चालवतात म्हणून, नाहीतर तेही पुढे गेले असते.

मी रिटायर झाले तेव्हा पुण्याहून लेकीचा मेसेज आला. नऊ दिवस, जास्तीत जास्त बारा माणसं, सायकली त्यांच्या, पुढे गाइड, मागे व्हॅन. दक्षिण व्हिएतनाममधून मेकाँगच्या डेल्ट्यातून सायकलनं, मग नदीतून बोटीनं सीमा ओलांडून कंबोडिया, शेवट अंगकोर वाटच्या देवळापाशी. मी ‘डेल्टा’ हा शब्द वाचला आणि पुढचं वाचलंच नाही. यांना म्हटलं, “अहो, मी जाऊ का?” हे पेपर खाली न करता म्हणाले, “मंडईत जायला स्कूटर लागते तुला. कंबोडियाला सायकलनं जाणार?” म्हणजे परवानगी. चाळीस वर्षांत एवढं कळतं.

तयारीचं सगळं सांगत नाही, दोनच गोष्टी सांगते. एक, व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे आधी निवडावं लागतं. मी दोन्हीकडे डोळे मिटून विमानतळ टाकला. जायच्या आधी दहा दिवस लक्षात आलं की बाहेर तर आपण नदीतून पडणार आहोत! घाबरून नवा अर्ज, नवे पैसे. चूक माझीच. जन्मभर पोरांना सांगितलं, प्रश्न नीट वाचा.

दुसरी गोष्ट गादीच्या चड्डीची. सायकलवाल्यांची ती जाड अस्तराची चड्डी असते, आणि तिच्या आत काही घालायचं नसतं, हे मला दुकानातल्या पंचविशीच्या मुलानं सांगितलं, छताकडे बघत. मीही छताकडेच बघितलं. वरून नेहमीची सलवार घालायची ठरवून टाकलं. बॅगेत कैलास जीवनच्या दोन डब्या, लौंग सेवेची दोन पाकिटं आणि जीरावनची, म्हणजे आमच्या इंदुरी पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, एक बाटली टाकली आणि निघाले.

हो ची मिन्ह सिटीत पहिल्या संध्याकाळी ओळखपरेड. आम्ही नऊ जण: तीन ऑस्ट्रेलियन, एक डच जोडपं, दोन कॅनडियन बहिणी, एक स्कॉटिश बाई आणि मी. एकटीला वेगळी खोली हवी तर बरेच पैसे जास्त, म्हणून स्कॉटिश बाई आणि मी एका खोलीत. ती घोरायची, मी पाचला उठून भांडी वाजवल्यासारखी बॅग आवरायची, फिटंफाट.

गाइड सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. त्यानं सगळ्यांना पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. कॅनडियन बहिणींचे चेहरे बघण्यासारखे झाले. मग त्यानं समजावलं: आमच्या भाषेत नुसतं ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही, समोरच्याला नात्यानंच हाक मारायची, आणि वय कळल्याशिवाय नातं ठरत नाही. बापाचा धाकटा भाऊ ‘चू’, आईचा भाऊ ‘काउ’, आईची बहीण ‘यी’, बापाची बहीण ‘को’. बाकीचे वहीत लिहून घेत होते, कारण त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून अंकल आणि आंटी. मी मनात म्हटलं, अरे, हे तर काका, मामा, मावशी, आत्या! यात लिहून काय घ्यायचं? मी झाले ‘को’, म्हणजे आत्या, आणि तो स्वतःला म्हणायचा ‘कॉन’, लेकरू. पुढचे पाच दिवस गल्लीबोळातून “को ओइ!” अशी हाक यायची. आपल्याकडे “ओ काकू” म्हणतात अगदी तसंच.

दुसऱ्या दिवशी व्हॅननं शहराबाहेर काढून बेन त्रेच्या नारळीच्या मुलखात आम्हाला सायकली दिल्या. सीटची उंची मी वितीनं मोजली: पेडलच्या धुरीपासून सीटपर्यंत साडेतीन विती आणि चार बोटं. डच गृहस्थांकडे मोजायची टेप होती. ते माझी वीत बघतच राहिले.

मग गाइडनं हात वर करून तीनदा बजावलं: डावा ब्रेक पुढच्या चाकाचा, उजवा मागच्या. आपल्याकडे उलटं, उजवा पुढचा. मी तीनदा मान हलवली. तीस वर्षं समोर बसून मान हलवणारी पोरं पाहिलीत मी, तशीच.

इथले रस्ते म्हणजे दीड मीटर रुंदीची काँक्रीटची पट्टी. एका बाजूला घरांची अंगणं, दुसऱ्या बाजूला कालवा, मधे कठडा नाही. वर नारळाच्या झावळ्यांचं छत. चौथ्या किलोमीटरला समोरून एक मोटरसायकल आली, मागे बांधलेल्या फळ्यांवर नारळांचा डोंगर. मी सवयीनं डावा ब्रेक करकचून दाबला, म्हणजे आपल्याकडचा मागचा, निरुपद्रवी. सायकलचं पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मागचं मला घेऊन वर आलं. नशीब म्हणजे मी कालव्याच्या बाजूला न पडता केळीच्या बागेकडे पडले. कोपर सोललं, सलवारीला चिखल. मोटरसायकलवाल्यानं गाडी उभी केली, मला उठवलं, सायकल उठवली, हँडल सरळ केलं आणि एक शहाळं काढून हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. गाइड धावत आला, “को, डावा हात!” तेव्हापासून मी डाव्या हाताचं एकच बोट ब्रेकवर ठेवायला लागले, आणि तेही असं, जसं गरम तव्यावर पाणी शिंपडून बघतो.

आता डेल्टा. फळ्यावर तो त्रिकोण असतो. सायकलवर त्याला कुठलाच आकार नाही. दर दोनशे मीटरला एक कालवा, त्यावर उंटाच्या पाठीसारखा छोटा पूल. अख्ख्या प्रदेशाची उंची समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटर. आमचं इंदूर साडेपाचशे मीटरवर. मला वाटलं होतं, सपाट म्हणजे सोपं. तिथेच फसले. घाटात चढताना जीव जातो, पण उतरताना पाय सुट्टीवर असतात. इथे उतारच नाही, त्यामुळे सुट्टीही नाही. सकाळी सात ते दुपारी एक पाय चालूच. वाटेतले घाट म्हणजे हे पूल, वीस सेकंदांचे.

घराघरासमोर कमरेएवढे, छातीएवढे रांजण मांडलेले. पावसाचं पाणी साठवायचे. एका घरापुढे मी सोळा मोजले. चारी बाजूंनी पाणी असताना हे कशाला, असं मी विचारलं, तर गाइड म्हणाला, उन्हाळ्यात नदी दमते आणि समुद्र आत शिरतो, कालवे खारट होतात. २०१६ आणि २०२० ही दोन वर्षं फार वाईट गेली. त्याच्या मामाची भाताची खाचरं खारावली. वरच्या देशांत धरणं झाली, गाळ तिथेच अडतो, त्यात बार्जेस भरभरून वाळू उपसतात. गाळ येणार नाही तर डेल्टा कशाचा? हे सगळं मला पाठ होतं. निक्षेपण, अपक्षरण. पण त्यातल्या कोणाच्या मामाचं भात बुडतं, हे धड्यात नव्हतं. तो सांगत होता आणि मी, सवयीनं, मधे एकदा “बरोबर” म्हणाले. जसं काही तोंडी परीक्षाच घेतेय. जीभ चावली.

खाण्याचं विचाराल तर मी शाकाहारी, आणि तिथे पाण्यातसुद्धा माशाचा रस असावा असा वास. पण जादूचे दोन शब्द आहेत: ‘आन चाय’. म्हणजे शाकाहारी जेवण. पहिल्यांदा एका खानावळीत मी म्हटलं “आन चाय”, आणि मला स्वतःलाच वाटलं की मी कुणाला तरी चहा आणायला सांगतेय. बौद्ध माणसं तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत, त्यामुळे आन चायची दुकानं गावोगाव आहेत. टोफूचे नाना प्रकार, केळफुलाची कोशिंबीर, लेमनग्रास. आणि पेरू, कैरी, अननस हे सगळं तिखटमिठाला लावून खातात! मी जीरावनची बाटली काढली. गाइडनं कैरीची फोड बुडवली, डोळे बारीक केले, आणि मग बाटली माझ्याकडे परत आलीच नाही. लौंग सेव दुसऱ्या दिवशी संपली. ऑस्ट्रेलियनांनी बीअरबरोबर संपवली, माझा दोष नाही.

आता व्हॅन. यासाठीच खरं तर लिहायला बसले.

असल्या सहलीत मागे व्हॅन असते. ज्याला नको होईल त्यानं केव्हाही बसावं, कोणी काही म्हणत नाही. पहिल्या दिवशीच सांगतात. पण नऊ माणसांच्या मनात एकच असतं: मी नाही हं पहिली बसणार. मी तर भारतातून आलेली एकटी, वयानं दुसऱ्या नंबरची मोठी, साडी नाही तर सलवार घालून चालवणारी. सगळे माझ्याकडेच बघतायत असं मला वाटायचं. (कोणी बघत नव्हतं, सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते.)

चौथ्या दिवशी कान थो. पहाटे काय रांगचा तरंगता बाजार, बोटीतून. प्रत्येक होडीवर उंच बांबू, आणि होडीत जे विकायला असेल ते बांबूला टांगलेलं: कोबी, अननस, रताळं. पाटी नको, ओरडणं नको. पूल झाले, रस्ते झाले, त्यामुळे होड्या दरवर्षी कमी होतायत म्हणे. व्हिएतनामी नववर्ष तोंडावर आलेलं, म्हणून होड्या शेवंतीच्या कुंड्यांनी भरलेल्या. मी तिथे फोटोंच्या नादात पाणी प्यायचं विसरले, आणि नाश्त्याला फक्त कॉफी. ती कॉफी बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्कची, एक पेला म्हणजे पेढा.

दहा वाजता सायकलवर बसलो, बासष्ट किलोमीटर. ऊन इंदूरच्या एप्रिलइतकंच असेल, पण आपल्याकडे घाम वाळतो. तिथे तो वाळत नाही, अंगावर बसून राहतो. पंचविसाव्या किलोमीटरला गाइडनं विचारलं, “को, व्हॅन?” मी म्हटलं, नाही. तिसाव्याला परत. नाही. पस्तिसाव्याच्या पुढे पुढच्या डच बाईच्या चाकाच्या आऱ्या मला उलट्या फिरताना दिसायला लागल्या, आणि डोक्यात एकच वाक्य: नर्मदा डेल्टा बनवत नाही, नर्मदा डेल्टा बनवत नाही. पेडलच्या तालावर.

चाळिसाव्याला कुणी विचारलंच नाही. व्हॅन माझ्या पुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा माणूस, इंग्रजी शून्य, गाइड त्याला ‘चू’ म्हणायचा, काका. त्यानं माझ्या हँडलवर हात ठेवला, अगदी हलका, बैलाच्या खांद्यावर ठेवतात तसा. दुसऱ्या हातानं बर्फाच्या डब्यातला ओला टॉवेल काढला आणि माझ्या मानेवर टाकला. मी उतरले. एक शब्द बोललो नाही दोघंही. त्यानं सायकल मागे चढवली, मी दार उघडलं, आणि आत बघते तर काय! सगळ्यात दणकट ऑस्ट्रेलियन, जो रोज पुढे असायचा, तो आडवा पडून झोपलेला. आणि कॅनडियन धाकटी बहीण पाय वर करून चिप्स खात होती. “कधीपासून?” मी विचारलं. “बारा किलोमीटरपासून,” ती म्हणाली, “कुणाला सांगू नका.”

काकांनी पुढे एका झोळ्यांच्या कॅफेपाशी थांबवलं. रस्त्याकडेला छपराखाली ओळीनं वीस-पंचवीस झोळ्या टांगलेल्या असतात, काहीतरी प्यायला घ्यायचं आणि हवा तितका वेळ पडून राहायचं. उसाचा रस घेतला, त्यात छोटं आंबट संत्रं सालीसकट पिळलेलं. झोळीत पडले. छपराच्या फटीतून ऊन, खाली कालवा, कालव्यात बदकं. काका शेजारच्या झोळीत, तोंडावर टोपी. मला खूप वर्षांनी, बहुतेक आजोळच्या पाळण्यानंतर पहिल्यांदाच, असं वाटलं की आता काही करायचं नाहीये. पाऊण तासानं सायकलवाले आले, लाल, घामाघूम, आणि आमच्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की त्यानंतरच्या दिवसांत व्हॅनमध्ये जागेसाठी भांडणं झाली.

चाउ डॉकहून बोटीनं सीमा. सायकली मागेच राहिल्या, त्या व्हिएतनामच्या. काकांनी एकेक पुसून व्हॅनमध्ये लावली. मी जाताना त्यांना नमस्कार केला, त्यांनी माझ्या हातात उसाच्या रसात पिळतात त्या छोट्या संत्र्यांची पिशवी दिली. नदीतली सीमा म्हणजे काठावर एक बैठी कचेरी, ठप्पा, परत बोट, थोडं वर दुसरी कचेरी, ध्वज निराळा. तिथे तीस डॉलर आणि फोटो देऊन व्हिसा. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो, पण कोपरा जरा फाटका असला तर नोट परत करतात. आपल्या बसच्या कंडक्टरांना यांच्याकडे ट्रेनिंगला पाठवलं पाहिजे.

नवा गाइड पन्नाशीचा. तो मला ‘बोंग’ म्हणायला लागला, ख्मेर भाषेत मोठं भावंड. सीमा ओलांडली आणि आत्याची ताई झाले, तीस डॉलरांत. नवीन सायकल मिळाल्यावर मी आधी विचारलं, “कुठला हात पुढचा?” मग वीत मोजली.

प्नॉम पेन्हमध्ये तुओल स्लेंग पाहिलं, त्या दिवशी सायकल नव्हती. ती आधी शाळा होती. तीन मजले, लांब व्हरांडे, ओळीनं वर्ग, अगदी आमच्या शाळेसारखी इमारत. १९७५ ते १९७९ मधे पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीनं तिचा तुरुंग केला; वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल एवढ्या खोल्या. मैदानात पोरांच्या कसरतीचा उंच आडवा खांब होता, त्याला माणसं टांगायचे. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मला पोरांचा गोंगाट ऐकू आला, मधल्या सुट्टीचा. पुढे बघवलं नाही. स्कॉटिश बाईनं काही न बोलता माझा हात धरला, आणि त्या रात्री तिच्या घोरण्याचा मला आधारच वाटला.

शेवटचे दोन दिवस सिएम रीप, अंगकोरच्या देवळांजवळचं गाव. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आखूड चड्डीवाले सगळे अडले, माझी सलवार सरळ आत. अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाजात सायकलनं शिरतात, पुलाच्या दोन्ही बाजूंना नाग धरून ओढणाऱ्या मूर्ती, डावीकडे चोपन्न देव आणि उजवीकडे चोपन्न असुर. अंगकोर वाटच्या भिंतीवर तेच समुद्रमंथन एकोणपन्नास मीटर लांब कोरलंय, बाराव्या शतकातलं. ऑस्ट्रेलियन मला विचारायला लागले, ही काय रस्सीखेच? मी सांगत गेले: मंदार पर्वत, वासुकी, खाली कासव, हलाहल. गाइडही उभा राहून ऐकत होता. मग तो म्हणाला, “बोंग, आमच्या टोनले साप नदीचंही असंच आहे. पावसाळ्यात मेकाँग तिला उलटं ढकलते आणि ती सरोवराकडे वाहते, पावसाळा संपला की परत सुलटी.” हे मी शिकवलं नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं. मी सायकल उभी केली आणि वहीत लिहून घेतलं.

परवाच्या रविवारी पुन्हा खंडवा रोड. सगळ्यांना दाखवायला फोटो फोनमध्ये घेऊन ठेवलेले. परतताना पोह्यांचा ठेला दिसला, वाफ दिसली, आणि मी डाव्या ब्रेकला अगदी हलकेच एक बोट लावलं, नवीन सवयीनं. सायकल थांबेचना. ठेला गेला, शेवेची परात गेली, मागून डॉक्टरांचा आवाज आला, “अहो बाई, कुठे निघालात, कंबोडियाला?”